डेसिबलचा पंचनामा

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचा गुलाल रस्त्यांवरून पुरता धुतलाही गेलेला नसतो, तोच वर्तमानपत्रांतून डेसिबलच्या आकड्यांचा एक तक्ता प्रसिद्ध होतो. कोणत्या चौकात किती, गतवर्षीपेक्षा कोठे उणे आणि कोठे अधिक, असा त्याचा एकंदर थाट असतो, आणि तो वाचून निम्मे वाचक हळहळतात, तर उरलेले निम्मे ‘वर्षाचा सण आहे, चालायचेच’ असे म्हणून पान उलटतात. हे आकडे कोणी मनाने रचले असतील असा माझा मुळीच आक्षेप नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरील चौकांतून तासन् तास उभे राहून ही मोजणी करीत आलेले आहेत. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली यांनी हाती ध्वनिमापक घेऊन हेच व्रत दीर्घकाळ चालविले आहे. आणि या मंडळींनी उन्हातान्हात व पावसात उभे राहून आकडे गोळा केले नसते, तर शासनाच्या दप्तरी या विषयाची एवढी दखल क्वचितच घेतली गेली असती. माझे गाऱ्हाणे आहे ते आकडा छापण्याच्या आणि वाचण्याच्या आपल्या रीतीविषयी. यंत्र ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर धरले होते, मागे भिंत होती की मोकळी जागा, मोजणी किती वेळ चालली, कोणत्या मोजपट्टीवर चालली, आणि ती सुरू करण्यापूर्वी यंत्र तपासून घेतले होते की नाही, यांपैकी काहीच न सांगता ‘१०२ डेसिबल’ एवढेच जेव्हा छापले जाते, तेव्हा वाचकाच्या हाती पडते ती केवळ एक वदंता. ध्वनिमापकाचा आकडा पुराव्याच्या पदवीस पोहोचतो तो ज्या परिस्थितीत तो घेतला गेला त्या परिस्थितीच्या पंचनाम्यासह. आणि असा पंचनामा करण्याची शिस्त नागरिक, पोलीस व वार्ताहर या तिघांनीही अंगी बाणविल्याखेरीज, गोंगाटाविरुद्धचा आपला कायदा कितीही कडक केला तरी त्याची अंमलबजावणी यथातथाच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेसिबल हे एकक मूळचे टेलिफोनच्या व्यवसायातले. तारेतून जाताना संदेश किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी १९२०च्या दशकात अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी ते रूढ केले व अलेक्झांडर ग्रॅहम बेलचे नाव त्यास दिले. ते लघुगणकाच्या श्रेणीवर चालते, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत विसरली जाणारी गोष्ट. निकोप कानास जेमतेम जाणवेल असा २० मायक्रोपास्कलचा दाब म्हणजे शून्य डेसिबल. तेथून पुढे तीनची वाढ झाली की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, दहाची झाली की दसपट, आणि वीसची झाली की शंभरपट. कानाला मात्र दहाची वाढ साधारण दुपटीएवढीच भासते, आणि या दोहोंतील तफावतीमुळेच या विषयात वाद घालणारे पुष्कळदा एकमेकांचा मुद्दा चुकवून बोलत असतात. ‘मर्यादेच्या वर गेलो असू, पण अवघे पाच डेसिबल’ असे एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता जेव्हा मोठ्या विनयाने सांगतो, तेव्हा परवानगीच्या तिपटीहूनही अधिक ध्वनिशक्ती आपण रस्त्यावर ओतली हे त्याच्या गावीही नसते. आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून निम्मे खोके उतरवून ठेवले तरी आकडा तीननेच खाली येतो, हे कळल्यावर बंदोबस्तावरच्या फौजदाराचाही हिरमोड होतो.

अंतराचे गणित याच श्रेणीतून निघते. मोकळ्या मैदानात एकाच ठिकाणाहून निघणारा ध्वनी अंतर दुप्पट होताच सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे पाच मीटरवर १०० असलेला आकडा दहावर ९४, वीसवर ८८ व चाळीसवर ८२ असा येतो. तेव्हा एकाच चौकात, एकाच क्षणी, एकाच कर्ण्याविषयी शंभर सांगणारा आणि ब्याऐंशी सांगणारा हे दोघेही खरे असू शकतात, आणि अंतर न सांगणारे दोघेही सारखेच निरुपयोगी. जुन्या पेठांतील अरुंद गल्ल्यांत तर हे सहाचे प्रमाणही टिकत नाही. दोहो बाजूंच्या इमारतींवर आपटून ध्वनी परतत राहतो आणि दूर गेले तरी म्हणावा तसा उतरत नाही.

आता यंत्राकडे वळू. हातात मावणारा ध्वनिमापक दिसावयास साधा असतो: टोकाला मायक्रोफोनची बारीक नळी, तिच्यावर वारा अडविणारा काळ्या स्पंजाचा गोळा, खाली आकड्यांचा पडदा, आणि त्याखाली चारसहा बटणे. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६१६७२ क्रमांकाच्या मानकानुसार या यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग अधिक काटेकोर कामासाठी, दुसरा सर्वसाधारण मोजणीसाठी, आणि पोलिसांच्या किंवा नागरिकांच्या नित्याच्या उपयोगास दुसरा वर्ग पुरेसा आहे. बाजारात मात्र वर्गाचा उल्लेखच नसलेली, दाखल्याविना विकली जाणारी स्वस्त यंत्रे ढिगाने मिळतात. त्यांतील काही बरी असतातही. पण ती बरी आहेत हे सिद्ध करण्याचे साधन विकणाऱ्यापाशी नसते व घेणाऱ्यापाशीही नसते.

ते साधन म्हणजे कॅलिब्रेटर. मुठीत मावेल एवढा हा एक लहानसा दंडगोल. स्पंजाचा गोळा काढून मायक्रोफोनचे टोक त्याच्या तोंडातील रबरी कड्यात घट्ट बसवावयाचे, बटण दाबावयाचे, की आत १००० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी नेमक्या ९४ डेसिबलने वाजू लागतो. पडद्यावर ९४.० उमटले तर ठीक, ९२.८ उमटले, तर यंत्राच्या कुशीतील बारीक भोकात पेचकस घालून आतील स्क्रू केसभर फिरवावयाचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावयाचे, आणि मगच मोजणीस निघावयाचे. परत आल्यावर हीच तपासणी पुन्हा करावयाची, व दोन्ही वेळच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलहून अधिक अंतर पडले असेल तर मधल्या साऱ्या नोंदी, त्या कितीही आकर्षक असल्या तरी, बाजूला ठेवावयाच्या. या कामास दोन मिनिटे लागतात. भाद्रपदातील दमट हवेत मायक्रोफोनचा नाजूक पडदा लवकर कुरबुरी करू लागतो, म्हणून आपल्याकडे तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावयास हवा. खुद्द कॅलिब्रेटरही वर्षातून एकदा अधिकृत मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवून त्याचा दाखला आणावा लागतो, आणि येथेच आपल्या कारभारातील एक विसंगती डोळ्यांत भरते. किराणा दुकानदाराचा तराजू वैधमापन खात्याचा निरीक्षक ठरावीक मुदतीने तपासून त्यावर मोहोर उमटवितो, मोहोर नसेल तर दंड करितो; पाव किलो तूरडाळीच्या खरेपणाविषयी जे राज्य इतके दक्ष आहे, त्याने ज्या यंत्राच्या साक्षीवर माणसाला गुन्हेगार ठरवावयाचे त्या यंत्राचा दाखला कोणत्या कपाटात आहे याची चौकशी कधी नेटाने केल्याचे ऐकिवात नाही. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत एवढा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ खटले तेथेच गळून पडतील.

यंत्र धरण्याचीही एक रीत आहे. पोटाशी धरून पाहणाऱ्याच्या स्वतःच्या देहावरून ध्वनी परावर्तित होतो आणि आकड्यात भर घालतो. म्हणून शक्य तर तिपाईवर, नाही तर हात पुरता लांबवून, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर ते असावे. भिंतीलगत उभे राहिले तर परावर्तनाने तीन डेसिबलपर्यंत सहज वाढ होते. तेव्हा भिंतीपासून साडेतीन मीटर दूर उभे राहावे, आणि गल्लीत तेवढी जागा नसेल, जशी ती पेठांत कोठेच नसते, तर भिंत किती अंतरावर होती ते प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. वाऱ्याची झुळूक उघड्या मायक्रोफोनवर आदळली की यंत्र तिलाही गोंगाट समजते. स्पंजाचा गोळा आहे तो एवढ्याचसाठी, आणि उत्साही छायाचित्रकाराच्या सोयीसाठी तो काढून ठेवणे हा शुद्ध अविचार होय. पार्श्वभूमीची नोंद तर सर्वांत आवश्यक. ध्वनिक्षेपक बंद असताना त्याच जागी रहदारीचा आवाज ७० असेल, आणि तो सुरू झाल्यावर एकूण ७३ भरत असेल, तर ध्वनिक्षेपकाच्या वाट्यास येतात ७०, त्र्याहत्तर नव्हेत. दोहोंतील अंतर तीनहून कमी असेल तर निश्चयाने काहीच म्हणता येत नाही, आणि दहाहून अधिक असेल तर पार्श्वभूमीचा विचार सोडून देता येतो. मुंबईसारख्या शहरात, जेथे निजानीज झाल्यावरही रस्ता पुरता निजत नाही, तेथे ही वजाबाकी न करता केलेली फिर्याद टिकाव धरीत नाही, आणि ती टिकू नये हेच न्यायाचे आहे.

किती वेळ मोजावे, हा याहून अवघड प्रश्न. यंत्रावर ‘फास्ट’ व ‘स्लो’ अशी दोन बटणे असतात. पहिल्यात आकडा एक-अष्टमांश सेकंदाच्या गतीने, दुसऱ्यात एका सेकंदाच्या गतीने बदलतो. मिरवणुकीच्या गर्दीत पडदा क्षणात ८८, क्षणात १०१, क्षणात ९३ असा नाचत असता, जवळ उभा असलेला वार्ताहर त्यातील सर्वांत मोठा आकडा टिपून घेतो. तोच दुसऱ्या दिवशी मथळ्यात येतो. कायद्यास मात्र हा क्षणिक कळस अभिप्रेतच नाही. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांस जोडलेल्या परिशिष्टात ज्या मर्यादा दिलेल्या आहेत, म्हणजे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४०, त्या सर्व समतुल्य पातळीच्या आहेत. ठरावीक कालावधीत जेवढी ध्वनिशक्ती आली तेवढीच शक्ती एकसारख्या ध्वनीने आणली असती तर तो ध्वनी किती डेसिबलचा भरला असता, ती ही पातळी. ती साध्या सरासरीने मिळत नाही. समजा, रात्री तासाभरात एकूणसाठ मिनिटे ६० डेसिबल होते आणि एकच मिनिट १०० डेसिबलने कर्णा वाजला. शाळेतल्या पद्धतीने बेरीज करून भागाकार केला तर उत्तर ६१च्या आत येते, आणि मंडळाचे चिटणीस आनंदाने घरी जातात. शक्तीच्या हिशेबाने मात्र त्या तासाची समतुल्य पातळी ८२ भरते, आणि झोपेतून दचकून उठलेल्या रुग्णाचा अनुभवही त्या ब्याऐंशीच्याच बाजूने साक्ष देतो. म्हणून समतुल्य पातळी स्वतः काढून देणारे यंत्रच शासनाने घ्यावयास हवे. केवळ क्षणोक्षणीचा आकडा दाखविणारे यंत्र त्याहून पुष्कळ स्वस्त पडते खरे, परंतु ज्या मर्यादेचा भंग सिद्ध करावयाचा ती मर्यादाच त्यास मोजता येत नाही.

आतापर्यंत सांगितले ते शिस्तीपुरते झाले. यापुढची गोष्ट खुद्द नियमातील उणिवेची आहे, आणि तिच्याकडे आपल्या लोकप्रतिनिधींचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही. ध्वनिमापकावर ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन मोजपट्ट्या असतात. मानवी कान सर्व कंपनसंख्यांना सारखाच संवेदनशील नसतो. हलका ध्वनी असेल तर खर्जाकडील स्वर त्यास फारच मंद ऐकू येतात. १९३३ साली फ्लेचर व मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी या श्रवणाच्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, आणि त्यांतील हलक्या ध्वनीची रेषा प्रमाण धरून ‘ए’ पट्टी तयार झाली. प्रारंभी हलक्या ध्वनीस ‘ए’, मध्यमास ‘बी’ व मोठ्या ध्वनीस ‘सी’ अशी रीतसर वाटणी होती. कारण ध्वनी जसजसा मोठा होतो तसतसा कानाचा हा पक्षपात कमी होत जातो आणि खर्जही जवळजवळ पुरता ऐकू येऊ लागतो. पुढे सोयीसाठी आणि सवयीने ‘ए’ हीच सर्वत्र रूढ झाली, आणि आपल्या नियमांतही तीच शिरली.

तिचा परिणाम डॉल्बीच्या बाबतीत काय होतो तो पाहावा. ‘ए’ पट्टी ५० हर्ट्झच्या खर्ज ध्वनीतून तब्बल ३० डेसिबल वजा करिते. ट्रकवर रचलेल्या खोक्यांच्या भिंतीतून जर त्या कंपनसंख्येचा ११० डेसिबलचा हादरा निघत असेल, तर ‘ए’ पट्टीवर तो ८० दिसतो, आणि तोच ‘सी’ पट्टीवर १०९च्या आसपास दिसतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात, फळीवरची भांडी एकमेकांवर आपटतात, छातीच्या पिंजऱ्यात धक्के बसतात, तान्हे मूल आईच्या कुशीतही शांत होत नाही, आणि रस्त्यावर उभा असलेला हवालदार यंत्राकडे पाहून, पूर्ण सचोटीने, सांगतो की आकडा तुम्ही म्हणता तितका काही मोठा नाही. त्याचे यंत्र खोटे बोलत नसते; जे ऐकू नये असे नियमाने त्यास बजावले आहे, ते ते ऐकत नाही, इतकेच.

उलट ताशाचे पाहा. ताशाच्या काडीचा कडकडाट उंच कंपनसंख्यांचा, आणि त्या पट्ट्यात ‘ए’ काहीच वजा करीत नाही, उलट किंचित भरच घालते. म्हणजे ढोल-ताशाचे पथक आणि डॉल्बीचा ट्रक हे दोन्ही एकाच पट्टीने मोजले असता पथकाचा हिशेब पै न् पै लागतो आणि ट्रकाला भरघोस सूट मिळते. मी पथकांचा वकील नाही. शेकडो ढोलांचा ताफा अरुंद रस्त्यावर तासभर एकाच जागी खिळून राहिला की तोही दुःसह होतो, आणि कानात साधे बोळेही न घालता त्या ताफ्याच्या मध्यभागी चार-चार तास उभी राहणारी तरुण मुले पाहून मला त्यांच्या आईबापांविषयी आश्चर्य वाटते. कारण अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी घालून दिलेल्या प्रमाणानुसार ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलमागे निम्मा वेळ, या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाकाठी अवघी पंधरा मिनिटे मिळतात. कानाच्या इजेचा अंदाज बांधण्यास ‘ए’ पट्टी चांगली उपयोगी पडते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु शेजाऱ्याची झोप, आजाऱ्याची धडधड व घराची थरथर यांचा न्याय तिने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या वस्तीतील गोंगाटाविषयीच्या मार्गदर्शनात हे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे: खर्जाचे प्राबल्य असेल तेथे ‘ए’ पट्टी अनुचित होय, आणि ‘सी’ व ‘ए’ यांवरील आकड्यांत दहाहून अधिक अंतर पडले तर कंपनसंख्यावार तपासणी करावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आज पोलिसांपाशी आहेत तसल्या बहुतेक यंत्रांवर ‘सी’चे बटण आहेच, ते दाबून दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहिण्याचा हुकूम तेवढा हवा. नियमात दुरुस्ती होईपर्यंत तो दुसरा आकडा शिक्षेस आधार होणार नाही, हे खरे. परंतु पाचसहा उत्सवांत असे जोड-आकडे दप्तरी साठले, तर दुरुस्ती मागणाऱ्याच्या हाती भक्कम सामग्री राहील.

पोलिसांपाशी यंत्रे पोहोचली तीही सुखासुखी पोहोचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५मध्ये ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. त्यानंतर ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या व तत्सम याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती अमजद सय्यद यांनी ऑगस्ट २०१६मध्ये जो निर्णय दिला, त्यात पोलिसांना ध्वनिमापक पुरविण्याविषयी शासनास बजावावे लागले. यंत्रे आली, परंतु यंत्र देणे आणि मोजणी शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीची तजवीज पहिलीइतकी झाली नाही. मिरवणुकीबरोबर चालत चालत घेतलेला आकडा आणि एका जागी उभे राहून, ट्रक आल्याची व गेल्याची वेळ टिपून घेतलेला आकडा यांत महदंतर आहे. नियमानुसार सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाची पातळी त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने अधिक किंवा ७५, यांपैकी जी कमी असेल तिच्यापुढे जाता कामा नये. हलत्या मिरवणुकीची सीमा कोणती, हे मात्र नियम सांगत नाही, आणि त्या मौनाचा लाभ अर्थातच ट्रकवाल्यास मिळतो. माझ्या मते मार्गावरील ठरावीक इमारतींच्या दारांशी मोजणीच्या जागा आधीच निश्चित करून त्या मंडळांना लेखी कळवाव्यात. मग सीमेचा वाद उरत नाही. सणासाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री दहा ते बारा अशी जी सवलत राज्य शासन देऊ शकते, ती वेळेची सवलत आहे, पातळीची नव्हे, हेही त्याच पत्रात ठळक अक्षरांत लिहावे. शांतता क्षेत्र कोणते, याची यादी २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाच्या घोषणेवर अवलंबून आहे. ती यादी पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेली नसेल तर हवालदाराने आकडा अचूक घेऊनही तो कोणत्या मर्यादेशी ताडून पाहावा?

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२०च्या आरंभी एक गमतीदार प्रयोग जाहीर केला होता. चौकातील सिग्नलला ध्वनिमापक जोडून, भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी, अशी ती योजना होती. त्याचे देशभर कौतुक झाले आणि मीही मनसोक्त हसलो; परंतु एकाने भोंगा वाजवावा आणि शंभरांनी थांबावे, यात यंत्राची एक स्वाभाविक मर्यादाही दिसून आली. ध्वनिमापक किती ते सांगतो, कोणी ते सांगत नाही. ‘कोणी’चे उत्तर पंचांच्या डोळ्यांनी आणि पंचनाम्याच्या शब्दांनीच द्यावयाचे असते.

फटाक्यांची मोजणी ही वेगळीच विद्या आहे. तेथे फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर, क्षणार्धाच्या स्फोटाचा कळस पकडणारे यंत्र लागते, आणि साध्या ध्वनिमापकाने गच्चीवरून घेतलेल्या आकड्याचा तेथे काही उपयोग होत नाही. भ्रमणध्वनीवरील ॲपविषयीही दोन शब्द पुरेत: भ्रमणध्वनीचा मायक्रोफोन बोलण्यासाठी घडविलेला असतो, मोठा आवाज आला की तो आपण होऊन दबतो, आणि खर्जही बव्हंशी गाळून टाकतो; निवडक उपकरणांवर निवडक ॲप दोन डेसिबलच्या आत अचूक उतरल्याचे प्रयोगांती आढळले आहे खरे, परंतु आपल्या खिशातील उपकरण त्या निवडकांपैकी आहे असे गृहीत धरून ठाण्याची पायरी चढू नये. कानोसा घेण्यास ते ठीक, साक्ष देण्यास नाही.

तरीही सामान्य नागरिकाने हात बांधून बसावे असे मुळीच नाही. सभोवारच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक वाढ झाली, अथवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला, तर कोणासही तक्रार करता येते असे नियमातच म्हटलेले आहे. आणि सवलतीचे दिवस सोडून रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजत असेल तर यंत्राचीही गरज नाही, घड्याळ पुरे. दिवसाच्या तक्रारीसाठी सोसायटीतील आठदहा बिऱ्हाडांनी मिळून दुसऱ्या वर्गाचे एक यंत्र व एक कॅलिब्रेटर घ्यावा, आणि सण येण्याच्या आधी एखाद्या सामान्य दिवशी, त्याच गच्चीत, त्याच वेळी, पार्श्वभूमीची पातळी नोंदवून ठेवावी. हे आधीचे काम कोणी करीत नाही, आणि पुढे सारा खटला त्याच्यावाचून अडतो. प्रत्यक्ष मोजणीच्या दिवशी वहीत जागा, उंची, भिंतीपासूनचे व ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर, सुरुवातीची व शेवटची वेळ, वारा-पाऊस, ‘ए’ व ‘सी’ दोन्हींवरील समतुल्य पातळी, आणि कॅलिब्रेटरचे आधीचे व नंतरचे आकडे इतके लिहावे, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, व त्या पानाची प्रत अर्जास जोडावी. अर्जात धर्म, पक्ष किंवा मंडळाच्या अध्यक्षाची कुळकथा आणू नये; मशिदीचा भोंगा, मंदिराची आरती, लग्नाची वरात आणि निवडणुकीची सभा या चौघांनाही हाच तक्ता आणि हीच वही लागू पडते, आणि अर्जदार पक्षपाती आहे असा संशय आला की अधिकाऱ्यास अर्ज बाजूस सारण्याचे आयते निमित्त मिळते. अर्ज ठाण्यात तोंडी सांगून परतू नये. तो लेखी द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का यांसह पोच घेतल्यावाचून, ड्युटीवरील अंमलदार कितीही गोड बोलला तरी, खुर्चीवरून उठू नये.